बांधून ठेवलेला मजकूर

माझे वडील छापखाना चालवायचे. खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवून, एकेक अक्षर हाताने उचलून केलेली छपाई. छापून झालं की मजकूर सोडवायचा, खिळे धुऊन पुसून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, हा रोजचा शिरस्ता. पण काही ओळी ते कधीच सोडवत नसत. सुतळीने घट्ट बांधून, जुन्या कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवत. त्यातली एक गुंडाळी शोकपत्रिकेची होती. ‘अत्यंत कष्टाळू, प्रेमळ व मनमिळाऊ’, ‘काडी काडी जमवून संसार उभा केला’, ‘अखेरच्या श्वासापर्यंत कार्यरत राहिले’. माणूस कोणीही गेलेला असो, या ओळी लागणारच, हे त्यांना ठाऊक होतं. नाव, वय आणि तारीख तेवढी नव्याने जुळवायची, बाकीचा मजकूर तयार.

ते गेले तेव्हा त्यांच्याविषयी चार ओळी लिहायला मी बसले आणि नेमक्या त्याच गुंडाळीतल्या ओळी माझ्या हाताखाली आल्या. त्या खोट्या नव्हत्या. ते कष्टाळू होतेच. पण तो कागद दुसऱ्या कोणाच्याही नावाने तसाच खपला असता. ज्या माणसाने पन्नास वर्षं दुसऱ्यांची नावं अचूक छापली, त्याच्या वाट्याला तयार मजकूर यावा, हे मला सहन होईना.

छोट्या गावातल्या कष्टकरी कर्त्या माणसाची आठवण कशी ठेवायची हा त्या घराचा खासगी प्रश्न आहे, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. ‘कष्टाळू’ हा शब्द आपण ज्या सहजपणे वापरतो, त्यात त्या माणसाचे तास झाकले जातात, त्याच्या बायकोचे तास झाकले जातात आणि त्याला इतकं का राबावं लागलं हा प्रश्नही झाकला जातो. कष्टांची स्तुती केली की कष्टांचा हिशेब मागायची गरज उरत नाही. हा हिशेब मागणं हीच त्या माणसाची खरी आठवण, असं माझं म्हणणं आहे.

आधी तासांचंच घेऊ. वडील सकाळी साताला दार उघडत आणि रात्री आठाला बंद करत. मध्ये जेवणाचा अर्धा-पाऊण तास. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, पण त्या दिवशी यंत्राचं तेलपाणी आणि उरलेली घडी-शिलाई. मोजून पाहिलं तर आठवड्याला पंच्याहत्तर तासांच्या खाली ते क्वचितच आले असतील. हे मी त्यांच्या हयातीत कधी मोजलं नाही. मोजायचं सुचलंच नाही. घरातल्या भिंतींचं माप आपण घेतो का? तसंच ते होतं, असणारच असं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्ये, म्हणजे स्थापनेच्याच वर्षी, जो पहिला करार केला तो कामाच्या तासांविषयी होता. उद्योगांत दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, यापुढे काम घेऊ नये, असं त्यात ठरलं. किती मोठी गोष्ट होती ती! पण त्याच कलमात एक सूट आहे. ज्या उद्योगात फक्त एकाच कुटुंबातली माणसं काम करतात, तो यातून वगळलेला. त्यामागचा विचार कळण्यासारखा आहे. घरात मालक कोण आणि नोकर कोण हे कायद्याने कसं ठरवायचं, आणि बापाने मुलाला किती वेळ मदतीला घेतलं हे कोणी तपासायचं? पण या सवलतीचा अर्थ माझ्या वडिलांसारख्यांच्या आयुष्यात काय झाला, तर जगाने कामाला पहिल्यांदा कुंपण घातलं तेव्हा आमचं घर कुंपणाबाहेर राहिलं. स्वतःचा मालक असलेल्या माणसाला संरक्षण कोणापासून द्यायचं, असं म्हणून विषय संपला. त्याला स्वतःपासूनच संरक्षण लागतं, कर्जाच्या हप्त्यापासून लागतं, ‘उद्या सकाळी पाहिजे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापासून लागतं, हे कोणाच्या यादीत आलं नाही.

या सगळ्याची किंमत शरीर देतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम केल्यामुळे झालेल्या पक्षाघाताने आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं मेली. त्यांतले ७२ टक्के पुरुष. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत इतकं काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त. या अहवालातला एक तपशील वाचून मी थांबले. मेलेल्यांपैकी बहुतेक जण ६० ते ७९ या वयाचे होते, आणि हे जास्तीचे तास त्यांनी ४५ ते ७४ या वयात घातले होते. म्हणजे घाव एकदम बसत नाही. माणूस राबतो, राबून उठतो, घरादाराला वाटतं याला काही होत नाही, आणि देणं वीस वर्षांनी वसूल होतं.

वडिलांना एकाहत्तराव्या वर्षी पक्षाघात झाला. तो कामाच्या तासांमुळेच झाला असं मी म्हणणार नाही. असे आकडे समूहाचे असतात, एका माणसाच्या बिछान्यापाशी उभं राहून ते बोट दाखवू शकत नाहीत. पण त्या काळात भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘काय कष्ट केले हो माणसाने!’ आणि हे कौतुकाने म्हणायचा. बिछान्यावर पडलेल्या माणसाकडे बघून हे कौतुक कसं सुचतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आजही कळत नाही.

‘अखेरच्या श्वासापर्यंत कार्यरत’ ही ओळ मला सगळ्यात जास्त बोचते. ती आपण बिरुदासारखी लावतो. पण तिच्यातला एक सरळ अर्थ असा की त्या माणसाला थांबणं परवडलं नाही. जर्मनीत चान्सेलर बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला. वय सत्तर ठेवलं होतं, आणि तितकं जगणारे मजूर थोडेच. तरीही म्हाताऱ्या हातांनी थांबावं आणि त्यांच्या पोटाची सोय सगळ्यांनी मिळून करावी, ही कल्पना त्यातून कायद्याच्या पुस्तकात आली. तिला आता सव्वाशेहून जास्त वर्षं होऊन गेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२०-२२ च्या सामाजिक सुरक्षा अहवालानुसार निवृत्तीचं वय उलटलेल्यांपैकी ७७.५ टक्के लोकांना कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचं पेन्शन मिळत होतं. उरलेल्या जवळपास पावभाग लोकांचं काय? आणि ज्यांना मिळतं, त्यातल्या कितीकांचं ते महिना अखेरपर्यंत पुरतं? याच संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं होतं की जगातल्या काम करणाऱ्यांपैकी ६१ टक्के, म्हणजे दोनशे कोटी लोक, असंघटित स्वरूपाचं काम करतात. यांच्यातल्या कित्येकांच्या शोकपत्रिकेत एक दिवस तीच ओळ येणार आहे. सत्तरीतला माणूस यंत्रापाशी उभा असेल तर त्याला हार घालण्याआधी विचारावं, की बाबा, तुला हे करायचं आहे की करावं लागतंय?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी मनापासून ऐकते, कारण तो माझ्या भावानेच घेतला. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. तो म्हणाला, ‘दादांना तू बिचारं करून टाकतेयस. त्यांना काम आवडायचं.’ खरं आहे. जुळवलेली अक्षरं उलटी असतात, आरशात दिसावीत तशी, आणि दादा ती आपण सरळ छापील वाचावं तितक्या वेगाने वाचत. प्रूफ काढण्याआधी नुसत्या ओळीवरून बोट फिरवून सांगत, ‘इथे एक खिळा वर आलाय.’ वेलांटी तुटली असेल तर ती ओळ ते कधी जाऊ देत नसत, गिऱ्हाईक म्हणालं चालेल तरी. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी इतर वेळी फारसं पाहिलेलं नाही. घरातल्या कुठल्याही आनंदाच्या प्रसंगी नाही.

म्हणूनच या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. तुटकी वेलांटी जाऊ न देणं हे त्यांचं होतं. त्यात त्यांचा हात, त्यांची नजर, त्यांचा अभिमान होता. ताप अंगात असताना रात्री अकरापर्यंत उभं राहणं हे त्यांचं नव्हतं, ते त्यांच्यावर आलेलं होतं. ‘कष्टाळू’ म्हणताना आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो. त्यामुळे कौशल्याची दाद द्यायची राहून जाते आणि लादलेल्या ओझ्याला मात्र सद्गुणाचं नाव मिळतं. वडिलांना बिचारं म्हणणं माझ्या मनात नाही. त्यांच्या कामाची नीट दाद द्यायची तर ते काम काय होतं हे सांगावं लागेल, आणि ते सांगायला विशेषणं पुरत नाहीत.

आता ‘एकहाती’ या शब्दाविषयी. ‘एकहाती संसार उभा केला.’ आमच्या घरात हात किती होते? छापील फर्मे, म्हणजे छापून झालेले मोठे कागद, वाळले की त्यांची घडी घालायची, पानं लावायची, सुई-दोऱ्याने शिवायची, गठ्ठे मोजायचे. हे सगळं आई करायची, रात्री, आम्ही झोपल्यावर. सकाळी वडील गठ्ठा उचलून गिऱ्हाइकाला देत आणि पावतीवर सही त्यांची असे. आईचं नाव छापखान्याच्या एकाही कागदावर नाही. मी सगळे कागद उलटून पाहिले आहेत. बरं, हे झालं कामातलं काम. त्याशिवाय स्वयंपाक, धुणं, आजारपणं, आम्ही. वडिलांचे पंच्याहत्तर तास उभे होते ते तिच्या न मोजलेल्या तासांवर.

आणि हे ‘न मोजलेले’ शब्दशः खरं आहे. घरात बिनपगारी केलेलं काम हेही काम आहे, अशी स्पष्ट व्याख्या जगभरच्या श्रम-आकडेवारी तज्ज्ञांच्या परिषदेने केली ती २०१३ मध्ये. २०१८ च्या एका अहवालात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अंदाज दिला की जगात रोज १६४० कोटी तास सांभाळ आणि घरकामात बिनपगारी जातात, आणि त्यातले ७६.२ टक्के बायकांचे. आकडा इतका मोठा आहे की मनात ठरत नाही. मला तो समजतो तो आईच्या उजव्या अंगठ्यावरून. घडी दाबून दाबून तिच्या अंगठ्याच्या कडेला एक कडक, पिवळट पट्टा झाला होता. छापखाना बंद होऊन आज कितीतरी वर्षं झाली. तो पट्टा अजून आहे.

कर्त्या पुरुषाची आठवण लिहिताना त्या घरातल्या बाईचं नाव शेवटच्या ओळीत ‘पत्नी, दोन मुले असा परिवार’ एवढ्यापुरतं येऊ नये. ती त्या कामाची भागीदार होती, हे पहिल्या परिच्छेदात यावं.

‘कर्ता’ हा शब्दही जरा थांबून बघण्यासारखा आहे. व्याकरणात वाक्याचा कर्ता असतो, तो क्रिया करतो आणि ती क्रिया ज्याच्यावर घडते ते कर्म. आमच्या घरातल्या बहुतेक वाक्यांचा कर्ता एकच होता. त्यांनी ठरवलं, त्यांनी पाठवलं, त्यांनी थांबवलं. मी भाषा शिकावी असं मला वाटत होतं. त्यांनी मला वाणिज्य शाखेला घातलं, कारण हिशेब येणाऱ्याला उपाशी राहावं लागत नाही, अशी त्यांची खात्री होती. ती खात्री कुठून आली होती हे आज मला कळतं. त्यांच्या लहानपणी घरात जे झालं, ते पुन्हा होऊ नये म्हणून ते आयुष्यभर पळत राहिले. तरीसुद्धा त्या दिवशी माझ्या बाबतीत जे झालं ते चूक होतं, आणि तेही या आठवणीत राहायला हवं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही. ज्याच्यावर प्रेम केलं त्याच्याबद्दल खरं बोलायची मुभा मला हवी आहे. नुसतं गुणगान केलं की माणूस देव्हाऱ्यात जातो, आणि तिथे गेलेल्याशी पुन्हा भांडता येत नाही, त्याला माफही करता येत नाही.

त्यांची उधारीची एक वही आहे. पैसे आले की नावावर आडवी रेघ मारायची त्यांची पद्धत. चाळताना माझ्या लक्षात आलं की काही नावांपुढे रेघ नाही, एक छोटं वर्तुळ आहे. मी आईला विचारलं. ती म्हणाली, ‘गोल म्हणजे मागायचं नाही. त्यांच्याकडे काहीतरी झालेलं असायचं.’ अशी एकवीस वर्तुळं आहेत. वडिलांनी हे कधी कोणाला सांगितलं नाही, त्या लोकांनाही नाही. आणि त्याच वहीत एक नाव आहे, ज्याच्यापुढे सात वर्षं तीच किरकोळ रक्कम पुन्हा पुन्हा लिहिलेली आहे, शेवटी शाई बदलून. त्या माणसाला त्यांनी चारचौघांत टाकून बोललं होतं, हे मला आठवतं. मी लहान होते आणि मला लाज वाटली होती. त्याला वर्तुळ का मिळालं नाही? आईला माहीत नाही. आता कोणालाच माहीत नाही.

हे मी त्यांना विचारायला हवं होतं. वेळ होता. पक्षाघातानंतर बोलणं अडखळायचं, पण डोकं शाबूत होतं, दुपारी आम्ही दोघंच असायचो. मी औषधांच्या वेळा विचारल्या. उशी नीट आहे का विचारलं. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडलं होतं की म्हातारपणी माणूस जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा काढतो, तो भ्रमिष्टपणा नसतो. आपलं आयुष्य एकदा उलगडून, तपासून, त्याच्याशी समेट करायची ती धडपड असते. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. वडील एकदा स्वतःहून म्हणाले होते, ‘पहिलं यंत्र घेतलं तेव्हा...’ आणि मी म्हणाले, ‘दमाल, नंतर बोलू.’

सार्वजनिक जबाबदारीचा भाग इथे येतो, कारण प्रत्येक घराने आपापलं आठवावं म्हटलं की माझ्यासारख्या मुली ‘नंतर’ म्हणतात आणि ते नंतर येत नाही. साध्या माणसांचं जगणं नोंदवायचे प्रयत्न जगात झालेले आहेत. ब्रिटनमध्ये १९३७ पासून ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या उपक्रमाने सामान्य लोकांच्या दैनंदिन्या आणि निरीक्षणं गोळा केली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९४८ मध्ये मौखिक इतिहासाचं दालन सुरू झालं. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात ‘स्टोरीकॉर्प्स’ या संस्थेने एक छोटी ध्वनिमुद्रण-खोली उघडली. तिथे दोन माणसांनी येऊन बसायचं, एकाने दुसऱ्याला विचारायचं, बापाला मुलीने, आजीला नातवाने. ती संभाषणं अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयात जपली जातात. आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१८ मध्ये जाहीरपणे मान्य केलं की १८५१ पासून त्यांच्या मृत्युलेखांत गोऱ्या पुरुषांचाच भरणा राहिला, आणि राहून गेलेल्यांवर उशिरा का होईना लिहायला घेतलं.

आपल्याला यासाठी मोठी इमारत लागत नाही. प्रत्येकाच्या हातात आता ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. लागतं ते ठेवायला ठिकाण आणि विचारायला कोणीतरी. गावाचं वाचनालय हे ठिकाण होऊ शकतं. शाळेतल्या मुलांना उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या माणसाशी दोन तास बोलून ते लिहून काढायला सांगता येईल. आणि प्रश्न ‘तुमच्या यशाचं रहस्य काय’ असले नकोत. दिवस किती वाजता सुरू व्हायचा? पहिली मजुरी कोणी बुडवली? हाताला सगळ्यात मोठी जखम कधी झाली? कोणतं काम तुम्ही नाकारलंत? तुम्ही कामावर असताना घरी कोण काय करत होतं? झोप कशामुळे उडायची? एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश यांनी मुलांना कौटुंबिक इतिहासाचे वीस प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा ज्यांना घरातली चढउतारांची कहाणी ठाऊक होती त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास जास्त आढळला. एकामुळे दुसरं घडतं असं त्यावरून लगेच म्हणता येणार नाही. बोलत्या घरातली मुलं तशीही सावरलेली असू शकतात. पण चढ आणि उतार दोन्ही, हे मला महत्त्वाचं वाटतं. नुसत्या चढाची कहाणी मुलांच्या खांद्यावर ओझं ठेवते.

अशा शंभर माणसांचे तास, जखमा आणि बुडालेली उधारी एका ठिकाणी आली, की मग ते शंभर ‘कष्टाळू’ स्वभाव राहणार नाहीत. एका गावाने आपल्या माणसांकडून काय घेतलं आणि त्यांना काय दिलं, याचा तो दस्तऐवज होईल. पेन्शनची, विम्याची, सुट्टीची मागणी करताना तो समोर ठेवता येईल.

शेवटी वडिलांचा मजकूर मी नव्याने लिहिला. त्यात लिहिलं की त्यांनी पन्नास वर्षं खिळे जुळवले, उलटी अक्षरं सरळ वाचली, तुटकी वेलांटी कधी जाऊ दिली नाही, सकाळी साताला दार उघडून आठवड्याला पंच्याहत्तर तास काम केलं, एकवीस जणांकडे पैसे मागितले नाहीत. काकांनी वाचून विचारलं, ‘यात कष्टाळू कुठे आहे?’ मी काही बोलले नाही. कागद आईला दिला. तिने चष्मा लावला आणि छापखान्यात प्रूफ वाचायची तसं ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं. मग पेन मागितलं. ‘साताला नाही,’ ती म्हणाली, ‘दार साडेसहाला उघडायचं. झाडून, पाणी भरून मी सात वाजता घरी यायचे.’